खोडावरचे चट्टे, डिंक आणि वाळत जाणाऱ्या फांद्या: झाडांचा कँकर समजून घेताना

मे उजाडला की शहरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक पालिकेची पावसाळ्याआधीची छाटणी, दुसरी कुठलं झाड कुणाच्या गाडीवर पडेल याची धास्ती. तिकडे वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या खोडांना मलम लावायची घाई असते, आणि कोकणात आंबा उतरवता उतरवता एखादी फांदी पानांसकट वाळलेली नजरेस पडते. शहरातला माणूस म्हणतो झाड म्हातारं झालं, विदर्भातला म्हणतो डिंक्या लागला, कोकणातला म्हणतो फांदीमर आली. बऱ्याच वेळा या तिघांच्या समोर एकाच जातीचं दुखणं उभं असतं.

खोडाची किंवा फांदीची साल एखाद्या जागी मरते, तिथे खोलगट चट्टा पडतो, चिरा जातात, कधी डिंक वाहतो. या मेलेल्या चट्ट्याला कँकर म्हणतात. तो बहुतेकदा बुरशीमुळे होतो. एक खुलासा आधीच केलेला बरा: कागदी लिंबाच्या पानाफळांवर खरखरीत तपकिरी ठिपके पडतात, त्या खैऱ्या रोगालाही कँकरच म्हणतात, पण तो जिवाणूंचा रोग आहे. त्याची औषधं वेगळी, त्याची चालही वेगळी. इथे विषय आहे तो सालीत घर करणाऱ्या बुरशीचा.

## साल मेली तर एवढं काय बिघडतं?

साल म्हणजे झाडाचं आवरण, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण बाहेरच्या खडबडीत थराच्या आत एक ओलसर, जिवंत थर असतो, त्याला अंतर्साल म्हणू. पानांत तयार झालेली साखर याच थरातून खाली मुळांकडे जाते. मुळांनी ओढलेलं पाणी मात्र त्याच्याही आतल्या लाकडातून वर चढतं. आणि या दोहोंच्या मध्ये कागदाइतका पातळ एक थर असतो, जो बाहेरच्या बाजूला नवी साल आणि आतल्या बाजूला नवं लाकूड घडवतो. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे.

डाळिंबाचं गुटी कलम ज्यांनी बांधलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फांदीवरून बोटभर रुंदीची सालीची रिंग काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. फांदी वाळत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून येतच राहतं. पण पानांकडून निघालेली साखर कापलेल्या जागी अडते, वरच्या काठावर फूग येते आणि तिथून मुळं फुटतात. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाला गर्डलिंग करतात तेही याच हिशेबाने. साखर खाली जाऊ नये, मण्यात उतरावी. मात्र ती रिंग अगदी अरुंद असते आणि काही आठवड्यांत बुजते.

बुरशी हेच काम करते, फक्त सोयीची मर्यादा न पाळता. चट्टा फांदीच्या एका बाजूला असेल तोवर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते आणि झाडावर काही दिसतही नाही. चट्टा पसरत पसरत खोडाला पूर्ण वेढा घालतो तेव्हा मुळं उपाशी पडतात. पुढे पाणी ओढायलाच कुणी उरत नाही आणि वरचा भाग वाळतो. काही बुरश्या सालीवर न थांबता आतल्या लाकडातही शिरतात, मग फांदी त्याहून लवकर जाते.

यातून एक फसवा प्रकार घडतो. डिंक्याने घेरलेल्या संत्र्याला मरण्याआधी कधी कधी भरघोस बहार येतो. साखर वरच अडकलेली असते, झाड ती फुलांत ओतून मोकळं होतं. बागाईतदार खूश होतो. फळं मात्र बारीक राहतात, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, आणि पुढच्या हंगामात झाड उभ्याउभ्या वाळतं.

## झाडाची जखम भरते ना?

नाही, आणि या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. आपलं बोट कापलं तर तिथल्या तिथे नवी त्वचा येते. झाडाला ही सोय नाही. मेलेली साल किंवा सडलेलं लाकूड झाड कधीच पुन्हा जिवंत करत नाही.

झाड काय करतं ते जुन्या वाड्याच्या मालकावरून लक्षात येईल. एका खोलीला वाळवी लागली, तर हा मालक ती खोली दुरुस्त करत नाही. तो तिच्या दारा-खिडक्यांना भिंती घालून टाकतो आणि बाहेरच्या अंगाने दरवर्षी एकेक नवी पडवी बांधत जातो. वाळवी आतच राहते, पण कोंडलेली. भिंती मजबूत असतील तर वाडा शंभर वर्षं उभा राहतो, आत एक सडकी खोली घेऊन.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी ही गोष्ट हजारो झाडं साखळीकरवतीने उभी चिरून दाखवली. जखमेच्या भोवती झाड चार दिशांना चार अडसर उभे करतं, आणि त्यातला सगळ्यात भक्कम अडसर म्हणजे जखमेनंतर बाहेर चढलेला नवा थर, अशी मांडणी त्यांनी १९७०च्या दशकात केली. आज जगभर झाडांची छाटणी शिकवली जाते ती बरीचशी याच पायावर.

तेव्हा चट्टा दिसला की आधी त्याची कड पाहा. कडेला गोलसर, फुगीर, ताज्या रंगाची वळी चढत असेल तर भिंत बांधली जात आहे, झाडाचं पारडं जड आहे. कड सपाट, ओलसर, काळपट असेल आणि नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवट-पांढऱ्याऐवजी तपकिरी रंग दिसत असेल, तर बुरशी अजून पुढे सरकते आहे.

## बुरशी येते तरी कुठून?

लोकांना वाटतं, रोग बाहेरून आला. पुष्कळदा तो आधीपासून घरातच असतो. आंब्याच्या फांद्या वाळवणारी लॅसिओडिप्लोडिया नावाची बुरशी घ्या. ती उष्ण प्रदेशात सर्वत्र आढळते. आंबा, पेरू, द्राक्ष, काजू असे तिचे शेकडो यजमान आहेत. निरोगी झाडाच्या आतही ती काही त्रास न देता पडून राहू शकते. उन्हाळा कडक गेला, पाण्याचा ताण पडला, साल उन्हाने भाजली, की ती हातपाय पसरते. भिंती बांधायला झाडाला साखर लागते आणि पाणी लागतं. दोन्हींचा तुटवडा असताना मालक भिंत बांधणार कशाने?

म्हणून दुष्काळी वर्षाचा हिशेब झाडं कधी कधी पुढच्या वर्षी चुकता करतात. पाऊस चांगला झाला तरी फांद्या का वाळतायत, या प्रश्नाचं उत्तर मागच्या उन्हाळ्यात असतं.

दुसरा रस्ता जखमेचा. आणि जखमा बहुतेक आपणच करतो. फ्लॅटच्या जाहिरातीसाठी ठोकलेले खिळे. गणपतीत गुंडाळलेली आणि नंतर कुणी न सोडलेली दिव्यांची माळ, जी दोन वर्षांत सालीत रुतते. बुंध्याशी गवत कापायचं यंत्र फिरवताना दर महिन्याला बसणारा दोरीचा फटका. आळं खणताना लागलेली कुदळ. आणि कोयत्याने अर्धवट तोडून ओढलेली फांदी, जिच्याबरोबर हातभर साल खाली सोलून येते. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात चीड आणणारा वाटतो, कारण तो छाटणी म्हणून केला जातो आणि त्याचे पैसेही दिले जातात.

## कोकणातली गुलाबी बुरशी

हा रोग ओळखायला सोपा आहे, म्हणून जरा जवळून पाहू. इंग्रजीतून आलेलं नाव पिंक डिसीज. आंबा, काजू, फणस, कोकम अशा बऱ्याच झाडांवर तो येतो. केरळातल्या रबराच्या मळ्यांत तर तो जुना शत्रू आहे, आणि दोडामार्ग भागात ज्यांनी रबर लावलं त्यांच्याही तो परिचयाचा व्हायला हरकत नाही.

याला हवा भरपूर पाऊस आणि दमट हवा. तो सुरू होतो बहुधा फांद्यांच्या बेचक्यात, कारण तिथे पाणी साचतं, पाला अडकतो, साल उशिरा सुकते. पहिल्यांदा सालीवर रेशमासारखी पांढरी कोळिष्टकं दिसतात. ऐन पावसात तिकडे कोण बघतो! मग त्या जागी फिकट गुलाबी पापुद्रा चढतो, जणू कुणी ऑइलपेंटचा हात मारलाय. पावसाळा सरताना तो पांढुरका पडतो, साल तडकते आणि फांदीचा वरचा भाग वाळतो. वाळलेली पानं गळून न पडता तशीच लटकतात. चट्ट्याच्या खालून मात्र नवे धुमारे फुटतात. झाड सांगत असतं की इथवर मी जिवंत आहे.

यातली कामाची वेळ पहिली, म्हणजे कोळिष्टकांची. जुलैत एकदा बागेतून बेचकी पाहत फिरलं तर अर्धं काम होतं. पापुद्रा दिसल्यावर फांदी चट्ट्याच्या खाली किमान वीतभर, निरोगी भागात कापावी लागते. कापलेली फांदी बागेच्या कडेला रचून ठेवली तर काही साधलं नाही, तिच्यावरून बीजाणू उडतच राहतात. ती जाळायची.

## विदर्भातला डिंक्या

संत्रा-मोसंबीच्या बुंध्यातून डिंक पाझरतो, त्याखालची साल कुजून तपकिरी होते, उभ्या चिरा पडतात. हे काम फायटोफ्थोराचं. तिला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञांच्या लेखी ती खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या कुळाला जवळची आहे. हा पुस्तकी भेद नाही, यात पैसे आहेत. कार्बेन्डाझिमसारखी नेहमीची बुरशीनाशकं तिच्यावर चालत नाहीत. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल एएल या वेगळ्या गटातली औषधं लागतात. दुकानदाराने ‘बुरशीचंच आहे’ म्हणून दिलेली पुडी कितीही वेळा ओतली तरी डिंक थांबत नाही, त्याचं एक कारण हे.

तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहतात. म्हणजे बुंध्याशी पाणी तुंबलं की तिला वाट मिळाली. त्यामुळे डिंक्याचा खरा इलाज पाण्यात आहे. एकाच मोठ्या आळ्यात पाणी सोडायचं नाही. खोडाभोवती आतलं छोटं वर्तुळ कोरडं ठेवून बाहेरच्या वर्तुळात पाणी द्यायचं, ही दुहेरी आळ्याची पद्धत विदर्भात शिफारशीची आहे. ठिबक असेल तर नळ्या खोडाला टेकलेल्या नकोत. चिबड जमिनीत चर काढून पाणी बाहेर घालवायचं. कलम लावताना डोळ्याचा जोड, म्हणजे खालच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला ती जागा, जमिनीपासून चांगली वर, वीतभराहून अधिक राहील असं पाहायचं, कारण खालचा खुंट वरच्या संत्र्यापेक्षा सहसा थोडा जास्त तग धरतो. जोड मातीत गाडलेली बाग पाहिली की पुढची काही वर्षं डोळ्यांसमोर दिसतात.

डिंक दिसला की सगळं डिंक्याच, असंही नाही. डिंकाबरोबर लाकडाचा भुसा आणि भोक दिसलं तर खोडकिड्याचा संशय घ्यावा. सालीवर जाळी आणि विष्ठेची वेडीवाकडी नळी दिसली तर ती साल खाणारी अळी. तिथे बुरशीनाशक लावून उपयोग शून्य.

## एवढं विज्ञान पुढे गेलं, मग एक इंजेक्शन का देत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की मेलेल्या सालीत वाहतूकच बंद असते. झाडाच्या रसात मिसळलेलं औषध जिथे बुरशी आहे तिथवर पुरेसं पोचत नाही. वरून फवारलेलं औषध सालीच्या आत उतरत नाही. फायटोफ्थोराच्या बाबतीत फोसेटिल एएल झाडाच्या आत खालीवर फिरतं, म्हणून तिथे थोडी आशा असते. बाकी बहुतेक कँकरवर चट्टा बरा करणारं औषध नाही, नवा चट्टा होऊ नये म्हणून लावायची औषधं आहेत. आणि खोडाला भोक पाडून दिलेलं प्रत्येक इंजेक्शन ही आणखी एक जखम असते.

## मग बोर्डो मलम का लावतात?

मोरचूद आणि चुन्याचं हे मलम लावतात ते बुरशीचे नवे बीजाणू रुजू नयेत म्हणून. बोर्डोचा जन्मच गमतीदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळचे द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. त्याच वेलींची पानं रोगातून वाचलेली मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आली आणि १८८५ साली त्यांनी त्याची कृती प्रसिद्ध केली. एवढ्या वर्षांनंतरही ते टिकून आहे.

खोडाला लावायच्या मलमाचं प्रमाण १:१:१०. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग ढवळत एकत्र करायचे. लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर स्वच्छ विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, साल भाजेल. आणखी चुना घालायचा. मलम ताजंच वापरायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं नाही. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, बुंध्यापासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंत. डिंक आलेली जागा असेल तर आधी कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत खरवडून काढायची आणि ती खाली मातीत न टाकता गोळा करायची.

शहरात मात्र छाटलेल्या फांदीच्या तोंडाला डांबर किंवा ऑइलपेंट फासतात, पोकळीत सिमेंट भरतात. लाकूड कुजायचं यानं थांबत नाही, हे लांब पल्ल्याच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. डांबराखाली ओल कोंडते, सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर वाकत नाही आणि आतल्या भिंती घासून फोडतं. खोडावरचे गेरू-चुन्याचे पट्टे? गेरूने विशेष काही साधत नाही. चुना उन्हापासून साल वाचवतो, तेवढा गुण त्याच्या पदरात घालू.

## फांदी कापली तर रोग आणखी पसरणार नाही?

चुकीची कापली तर पसरेल. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. भिंत घालायचं साहित्य झाड तिथे साठवून असतं. काप या वळीच्या लगेच बाहेर हवा. खोडाशी सपाट कापलं तर वळीच जाते, आणि हातभर खुंटी ठेवली तर ती खुंटी कुजत आत उतरते. जड फांदी आधी लांबून खालच्या बाजूने थोडी चिरायची, मग वरून कापून वजन उतरवायचं, शेवटी उरलेला तुकडा नीट काढायचा. म्हणजे साल सोलत नाही. कोरड्या दिवशी कापायचं. एका रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत स्पिरिटने पुसायची. हे करायला फार तर दोन मिनिटं जातात, पण ठेकेदाराच्या माणसाला झाडामागे पैसे मिळत असतील तर तो ती दोन मिनिटं देणार नाही. काम सांगतानाच हे ठरवून घ्यावं.

## एका बुरशीने अख्खं जंगल जाऊ शकतं?

गेलं आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर विचित्र कँकर दिसले. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती बुरशी आली होती. तिकडच्या झाडांना तिची सवय होती, अमेरिकन चेस्टनटला नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने आयोग नेमला, रोगट झाडं तोडून पट्टा आखून पाहिला, पण बुरशी पुढे निघून गेली. पन्नास वर्षांत अंदाजे तीन ते चार अब्ज झाडं मेली. मुळं अजूनही काही ठिकाणी जिवंत आहेत. धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात आणि कँकर त्यांना गाठतो.

युरोपात ती १९३८ मध्ये इटलीत पोचली, पण तिथे काही झाडांचे चट्टे आपोआप आवरत गेले. त्या बुरशीलाच एका विषाणूने ग्रासून दुबळं केलं होतं. दुबळी बुरशी मुद्दाम चट्ट्यात सोडून झाडं वाचवण्याची पद्धत तिथे उभी राहिली. अमेरिकेत तिला फारसं यश आलं नाही.

आपल्याकडे परदेशातून रोपं आणण्यावर २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे निर्बंध आहेत, ते या अशाच इतिहासामुळे. पण त्यासाठी परदेशात जायला नको. डिंक्या तालुक्या-तालुक्यांत फिरतो तो रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून. कलम घेताना पानांची लकाकी पाहण्यापेक्षा एखादी पिशवी फोडून मुळं दाखवायला सांगावं. तंतुमुळं पांढरी, भरगच्च हवीत. तपकिरी होऊन बोटात सालपट सुटत असेल तर अख्खी गाडी परत पाठवावी.

## सोसायटीतल्या झाडाला चट्टा आहे, पाडून टाकायचं का?

सहसा नाही. फांदीवरचा कँकर म्हणजे ती फांदी काढायची. खोडावरचा असेल तर दोन गोष्टी बघायच्या. चट्ट्याने घेराचा किती भाग व्यापला आहे, आणि त्यामागचं लाकूड भक्कम आहे की ठोकल्यावर पोकळ वाजतं. एक तृतीयांशाहून जास्त घेर गेला असेल, वर पोकळपणाही असेल आणि झाड रस्त्याकडे झुकलेलं असेल, तर जाणकाराला बोलवायची वेळ झाली. बुंध्याशी कडक, भुऱ्या कडांची छत्री उगवली असेल तर त्याहून लवकर. ती गॅनोडर्मा नावाची लाकूड कुजवणारी बुरशी असू शकते आणि ती झाडाचा आधारच पोखरते.

तोवर करायच्या गोष्टी साध्या आहेत. बुंध्याभोवतीचं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक मीटरभर तरी मागे घ्यायचे, खिळे आणि तारा काढायच्या, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली भरपूर पाणी द्यायचं. आणि चट्ट्याची कड ऑइल खडूने आखून त्यावर तारीख लिहून फोटो काढायचा. एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीनंतर. कड आखलेल्या रेषेच्या आत राहिली, तर झाडाला वेळ द्यायचा. रेषा ओलांडून पुढे गेली, तर ते दोन्ही फोटो जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. १९७५च्या महाराष्ट्र वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत झाड आपल्याच आवारात असलं तरी परवानगीशिवाय पाडता येत नाही.